‘कीप’चं काम अजून चालू आहे

सोमवार, ५ जानेवारी

चिंगे,

अक्षर ओळखलंस ना? पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं वाच, मग फाड हवं तर. अकरा वर्षांनी लिहितेय आणि सुरुवात कशी करायची यातच चार कागद वाया गेले. थोरली मी, त्यामुळे नमस्कार मी घालायचा नाही आणि आशीर्वाद द्यायला तोंड नाही. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

इथे सगळं छान आहे. तुझे भावजी बरे आहेत. लिफ्ट दुरुस्तीचंच काम, आता चाळीसेक इमारती आहेत ह्यांच्याकडे. कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की ह्यांना फोन येतो. परवा एका म्हातारीला सव्वा तासानं बाहेर काढलं, तर तिनं ह्यांच्या गालावरून हात फिरवला म्हणे. सगळी गल्ली ह्यांना हात करते.

मी अजून कोशाचंच काम करते, इंग्रजी-मराठी. पूर्वी कार्यालयात जायचे, गेली सहा वर्षं घरूनच. काम तेच. एक शब्द घ्यायचा, त्याचे अर्थ वेगळे करायचे, प्रत्येक अर्थाला एक कार्ड. कार्डावर मराठी प्रतिशब्द आणि खाली एक वाक्य, माणसं खरोखर बोलतात तसं. सध्या माझ्याकडे ‘कीप’ आहे. हसू नकोस. एवढासा शब्द, पण चौदा महिने झाले, डोक्यावर बसलाय. इंग्रज माणूस वचन कीप करतो, कोंबड्या कीप करतो, दुकान करतो, डायरी करतो. दूध नासलं नाही तरी कीप आणि पाहुण्याला ताटकळत बसवलं तरी कीप. मी पाळणे, राखणे, टिकणे, सांभाळणे, लपवणे असं एकेक वेगळं काढतेय आणि तरी टोपलीत कार्डं उरतातच.

दर मंगळवारी कार्यालयातून बस्तेवाली येते. पन्नाशीची बाई आहे, आवाज खणखणीत. मी तयार कार्डांचा बस्ता स्वयंपाकघराच्या खिडकीतून गजांमधून तिला देते, ती नवीन आत सारते. हे पत्र मी अगदी देतानाच बस्त्यात सारेन, पोस्टात ती टाकेल. तू मात्र घरी उत्तर पाठवू नकोस. पत्रपेटीची किल्ली ह्यांच्याकडे असते.

उत्तर द्यायचंच झालं तर असं कर. आमचा कोश वाचकांकडून वाक्यं मागवतो. पोस्टकार्डावर वरती ‘कीप’ लिही, खाली तुला सुचेल ते वाक्य, आणि कार्यालयाच्या पत्त्यावर टाक. पत्ता मागे लिहिलाय. या शब्दाची सगळी कार्डं माझ्याकडेच येतात. हे बस्ता उघडून बघतात कधीकधी, पण कार्डावरचं वाक्य म्हणजे ह्यांना नुसतं उदाहरण. तेव्हा जरा जपून लिही.

फक्त एक विचारायचं होतं. तुझ्या घरात वरची खोली होती ना, ती अजून आहे का? सहज विचारते.

तुझी ताई


सोमवार, १९ जानेवारी

चिंगे,

मंगळवार येऊन गेला, कार्ड नाही. रागावली आहेस हे मला मान्य आहे. मी फक्त माझं काम कसं चाललंय ते सांगते.

वाक्यं हीच खरी डोकेदुखी. प्रतिशब्द काय, कोणी हुशार माणूस शोधेल. पण माणसं बोलतात तसं वाक्य सुचायला माणसांत असावं लागतं. पूर्वी मी बसमध्ये कान देऊन बसायचे. चहाच्या दुकानात दोन बायका भांडत असल्या की हळूच कार्ड काढायचे. आता ऐकायला येतो तो जिन्यातला आवाज, वरच्यांचा रेडिओ आणि हे. त्यामुळे वाक्यं सगळी ह्यांचीच होतात. ‘कांदे कोरड्यात ठेव, टिकतील.’ ‘तुला किती वेळ ताटकळत ठेवायचं मला?’ ‘हे आपल्या दोघांत ठेव.’ मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्य संपादक, त्यांनी एका कार्डावर शेरा मारला होता, ‘हे सगळं एकच गृहस्थ बोलतायत असं वाटतं.’ काय नजर आहे बाईंची!

चोऱ्या फार वाढल्यात इकडे, म्हणून हे बाहेर पडताना दाराला कुलूप लावून जातात. बाहेरून. तू लगेच भुवया उंचावशील म्हणून सांगते, मारहाण नाही, शिव्या नाहीत. भाजी, औषध, साबण सगळं हे स्वतः आणतात. सहा वर्षांपूर्वी मी न सांगता दवाखान्यात गेले होते, परत यायला चार तास लागले आणि हे घाबरले. तेव्हापासून ही पद्धत पडली. सवय होते गं. मलाच आता जिन्यात पाऊल टाकायचं म्हटलं की धडधडतं.

पण परवा एक झालं, ते कुणाला सांगू? ‘कीप’चा एक अर्थ आहे, माणसाला अडकवून ठेवणं, जाऊ न देणं. कार्ड क्रमांक त्रेसष्ट. मी वाक्य लिहिलं, ‘तो तिला घरात डांबून ठेवतो.’ लिहून झालं आणि मला वाटलं, वा, हे कसं बोलल्यासारखं आलंय! हे जेवायच्या आधी बस्ता चाळत होते. कार्ड उचललं, दोनदा वाचलं.

“हे काय?”

“उदाहरण आहे.”

“असं कोण बोलतं? वाईट वाटतं वाचायला. ‘तो तिला घरात जपून ठेवतो’ असं लिही.”

पेन स्वतः उघडून दिलं माझ्या हातात. आणि मी लिहिलं, चिंगे. ‘डांबून’ खोडलं आणि ‘जपून’ लिहिलं. वीस वर्षं शब्दांत घालवलेली बाई मी, चुकीचं आहे हे दिसत असताना लिहिलं. मग त्यांनी कार्डाची शाई वाळावी म्हणून फुंकर मारली आणि म्हणाले, “बघ, किती छान दिसतं.”

कार्ड पाठव. शिव्या असतील तर शिव्या पाठव, कुठल्या तरी अर्थाखाली घालते.

ताई


सोमवार, ९ फेब्रुवारी

चिंगे, माझी चूक झाली. मला माफ कर आणि कृपा करून हे शेवटपर्यंत वाच.

पूर्वी वाचकांची कार्डं त्यांच्याच अक्षरात यायची. मी प्रत्येक मंगळवारी बस्ता उघडून तुझं अक्षर शोधत बसायचे, तो तुझा लांब शेपटीचा ‘त’. गेल्या महिन्यापासून कार्यालयानं नवीन टूम काढली, सगळी कार्डं टाइप करून, नावं काढून पाठवायची, म्हणजे आम्ही ओळखीपाळखीच्या माणसांची वाक्यं घेणार नाही. मला काही कळवलं नाही. छत्तीस टाइप केलेली कार्डं आली. त्यांत एक होतं, ‘मी वरची खोली रिकामी ठेवली आहे.’

आणि मी त्यावर लाल शाईत लिहिलं, ‘सपक. असं वाक्य कोणीही लिहील. नाकारावे.’

त्या दिवशी छत्तीसपैकी एकतीस नाकारली गं मी. सलग, शेंगा सोलल्यासारखी. नाकारलेल्या प्रत्येक वाचकाला कारण कळवायचं, ही मोठ्या बाईंची जुनी रीत. तेव्हा तुझ्या घरी ते कारण माझ्या अक्षरात, लाल शाईत पोचलं असणार. गेल्या मंगळवारी बस्तेवाली खिडकीशी आली ती तोंडावर पदर घेऊन हसतच. म्हणाली, “ताई, काल एक बाई आल्या होत्या कार्यालयात. तो शेऱ्याचा कागद टेबलावर असा आपटला की शाईची दौत उडाली. म्हणाल्या, तुमच्या त्या कोशवालीला सांगा, लाल शाई अजून संपली नाही वाटतं तिची! आणि तरातरा निघून गेल्या.” तिला गंमत वाटली. मी गजांना धरून उभी राहिले.

लाल शाईचं मी तुला खरं कधी सांगितलं नाही. आज सांगते.

अकरा वर्षांपूर्वी तुझं ते पत्र आलं, ‘ताई, तो माणूस तुला संपवेल, सामान घे आणि निघून ये.’ ते मी वाक्यावाक्याला खुणा करून, शब्द बदलून, समासात शेरे लिहून तुला परत पाठवलं. ‘अतिशयोक्ती.’ ‘पुरावा नाही.’ खाली दहापैकी चार मार्क. तुला वाटलं, माझी बहीण इतकी उद्धट आहे. पुढे काकूच्या तोंडून मी तुला निरोप दिला की कामाच्या सवयीनं हात गेला, थट्टा होती. थट्टा नव्हती आणि सवयही नव्हती. पत्र ह्यांनी उघडलं होतं. हे माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “आता काय उत्तर देणार आहेस, बघू.” मला एवढंच कळत होतं की ह्यांना हसवायला हवं. हसले की निभतं. म्हणून लाल पेन घेतलं. पहिल्या खुणेला हे नुसते बघत होते, तिसऱ्याला हसले. ‘दहापैकी चार’ला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मला चहा करून दिला. तो चहा मी प्यायले.

खोलीचं वाक्य सपक नव्हतं. ते मी आता पाठ केलंय. पुन्हा एकदा कार्ड पाठवशील का?

इथे काही छान नाही, चिंगे. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं.

ताई


सोमवार, २ मार्च

चिंगे,

तुझं कार्ड आलं. टाइप केलेलं असलं तरी तुझा आवाज ऐकू आला. ‘तोंड मिटून ठेवलंस तर कोणी येणार नाही. चारचौघांत स्वतःच्या तोंडानं एकदा बोल, त्याच क्षणी मी निघते. कागदावर लिहिलेलं मी आता मानत नाही.’ कोशात एवढं लांब वाक्य चालत नाही, पण मी ते स्वीकारलं. पुढे बरोबरची खूण करून बस्त्यात परत घातलं, म्हणजे यावेळी तुला स्वीकारल्याचा कागद येईल. पोचला का?

ह्यांनीही वाचलं ते. “कोण ही भांडकुदळ बाई?” म्हणाले. मी म्हटलं, “असतात हो वाचक एकेक.” कार्डांचा गठ्ठा मात्र घट्ट धरून ठेवला होता.

चारचौघं कुठून आणू? माझ्या आयुष्यात एक बस्तेवाली, तीही गजांपलीकडे. तिला सांगायचं तीनदा ठरवलं. तोंड उघडते आणि बाहेर पडतं ते, “गेल्या वेळची कार्डं पोचली ना?” ती बिचारी म्हणते, पोचली पोचली.

आता दुसरी अडचण ऐक. ‘कीप’ संपलाय. खरं सांगायचं तर तो नऊ महिन्यांतच संपला होता. पुढचे सात महिने मी उगाच एका अर्थाचे दोन करत होते, दोनाचे तीन. कारण शब्द संपला की बस्ता संपला. यापुढचं सगळं काम कार्यालयात बसून कॉम्प्युटरवर व्हायचं ठरलंय, घरी काही पाठवणार नाहीत, आणि बस्तेवालीला जूनपासून सुट्टी. मोठ्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, ‘पुरे आता. अमुक अर्थ आणि तमुक अर्थ यांत मला सुताएवढाही फरक दिसत नाही.’ बरोबरच आहे त्यांचं. नसलेले फरक किती दिवस दाखवणार?

म्हणजे खिडकीतून जाणारं हे शेवटचं पत्र असावं. यापुढे तुला काही पोचवायची माझ्याकडे सोय नाही.

एकच वाट आहे. आमच्याकडे मोठा शब्द पुरा झाला की त्याचं वाचन होतं. ज्यानं शब्द केला त्यानं समितीसमोर बसून पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचायचं. कानाला खटकलं की कोणीही थांबवतं. ह्याला पर्याय नाही, आजारी माणसालाही बाईंनी खुर्चीत बसवून आणलंय. गुरुवारी, १९ मार्चला, अकरा वाजता. ह्यांना चिठ्ठी दाखवली. मागूनपुढून बघितली. मग म्हणाले, “जाऊ की. मी सुट्टी टाकतो, सोबत येतो.”

समितीत पाच जण असतात. चारचौघांपेक्षा एक जास्तच. पण हे दाराबाहेर बसलेले असतील, आणि मला बोलता येईल असं मी तुला छातीठोक सांगत नाही. कागदावर मी शूर आहे हे तुला माहीतच आहे.

ताई


गुरुवार, १९ मार्च, दुपारचे पावणेदोन

चिंगे,

कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसलेय, जुन्या कार्डांच्या कपाटांमध्ये. झालं ते सांगते, क्रमानं सांगते, म्हणजे मला नीट बसता येईल.

आलो साडेदहाला. त्याने सगळ्यांना हसून नमस्कार केला, बाईंना म्हणाला, “तुमच्या लिफ्टचा आवाज येतोय, जाताना बघून देतो.” सगळे खूश. मग बाहेर बाकावर बसला, दाराला अगदी लागून. दार लोटलेलं, बंद नाही.

मी वाचायला लागले. पहिली वीस कार्डं आवाज फुटत नव्हता. समितीतल्या प्राध्यापकांनी दोनदा “मोठ्यानं, मोठ्यानं” केलं. वचन पाळणं झालं, कोंबड्या झाल्या. दुधावर दोघांची जुंपली, दूध टिकतं की राहतं, वीस मिनिटं. मला वाटलं, भांडत राहा बाबांनो, संध्याकाळ होऊ दे. पण मिटलं ते भांडण. मी पुढे जात राहिले आणि त्रेसष्ट आलं. मी वाचलं, ‘तो तिला घरात जपून ठेवतो.’

“थांबा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “जपून म्हणजे काळजीनं. इथे अर्थ काय लिहिलाय? जाऊ न देणे. वाक्य बसत नाही. कुठून घेतलंत हे?”

प्रत्येक वाक्य कुठून आलं ते सांगावं लागतं, हा नियम आहे. मी म्हटलं, “घरून.”

“घरून म्हणजे?”

“आधी वेगळं होतं. यजमानांनी बदलायला सांगितलं.”

“कोशाचं वाक्य यजमानांनी?” बाईंचा चष्माच खाली आला. “मूळ काय होतं?”

बाहेर बाक करकरला. तो उठला होता की नुसता हलला होता, कोण जाणे. मी कार्ड खाली ठेवलं. आणि मी बोलले गं. आधी वाक्य म्हणूनच बोलले, ‘तो तिला घरात डांबून ठेवतो’. प्राध्यापक म्हणाले, “हां, हे चपखल आहे!” आणि लिहून घ्यायला लागले. मग मी पुन्हा म्हटलं, “तो मला घरात डांबून ठेवतो. सहा वर्षं झाली, बाहेरून कुलूप असतं. मला परत घरी जायचं नाही.”

प्राध्यापकांचं पेन चालूच होतं. त्यांनी विचारलं, “हे दुसरं उदाहरण का?”

“गप्प बसा हो तुम्ही!” बाई ओरडल्या. बाईंचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी स्वतः उठून दार पुरतं लावलं आणि मला या मागच्या खोलीत आणलं. बस्तेवालीला बाहेर पाठवलं, त्याला सांगायला की वाचन लांबलंय, चहा घ्या. ती म्हणे त्याला बिस्किटंही देऊन आली आणि आता बाकासमोर पाय पसरून बसलीय, तिच्यावरून ओलांडून जायची कोणाची छाती नाही.

वाचकांच्या वहीत तुझा नंबर होता. टाइप करणाऱ्या मुलीनं लावला. तुला काय सांगायचं याची ती जुळवाजुळव करत होती, तर तू विचारलंस, “ती स्वतः बोलली का?” ती हो म्हणाली आणि तू फोन ठेवलास. दोन तासांचा रस्ता आहे म्हणे बसनं. त्यातला अर्धा तास झाला.

म्हणजे हे पत्र पोस्टात टाकायचं कारणच नाही, तू इथेच येतेयस. तरी लिहितेय, त्याचं कारण सांगते आणि तू मला हसू नकोस. दहा मिनिटांपूर्वी त्यानं बाकावरूनच बाहेरचं दार वाजवलं, इथवर ऐकू येतं. रागानं नाही. हळूच म्हणाला, “झालं का गं? निघायचं ना?” आणि चिंगे, मी उठले. पिशवी खांद्याला लावली, पदर सारखा केला. पायांनी परस्परच केलं ते. पाच माणसांसमोर एवढं बोलून आलेली बाई मी, “हो, आलेच” म्हणाले आणि दारापर्यंत गेले. बाईंनी दंडाला धरून परत बसवलं, समोर कागद ठेवला आणि म्हणाल्या, “बहिणीला लिहा. लिहिताना तुम्ही उठत नाही, इतकी वर्षं बघतेय मी.”

म्हणून लिहितेय. लिहिण्यासारखं आता काही उरलेलं नाही. खोलीत सात कपाटं आहेत, तिसऱ्याचं दार नीट लागत नाही. टेबलावर कोणाची तरी छत्री आहे, दांडा तुटलेली. बाई समोर बसून सफरचंद कापतायत आणि मला फोडी सरकवतायत, मी दोन खाल्ल्या. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. तू आलीस आणि मी एकदम काही बोलले नाही तर रागावू नकोस. तू बोल. काहीही बोल, जोरात बोल, मला आधी हाताला धर आणि मग काय ते भांड.

पुन्हा दार वाजलं. माझं नाव घेतोय, अगदी प्रेमानं. मी बसलेय. अजून लिहितेय. तुझी बस आता कुठवर आली असेल? पूल ओलांडला असेल का? मी बसलेय, चिंगे. लवकर ये, मला माझी खात्री नाही.